नसबंदी झाली, आता पळायला कधी जायचं?

पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी साधारण १५ ते २० मिनिटांत उरकते. भूल तेवढ्या जागेपुरतीच देतात. थोडा वेळ आडवं पडायचं, मग उठून चालत बाहेर यायचं आणि घरी जायचं. ऑपरेशन इतकं सोपं झालं हे चांगलंच आहे, पण रोज व्यायाम करणाऱ्याची गफलत नेमकी इथंच होते. पोटावर टाके पडले असते, चार दिवस दवाखान्यात काढावे लागले असते, तर तिसऱ्या दिवशी बूट चढवून घाट पळायला जायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. इथं मात्र जखम शोधूनही सापडत नाही, दुसऱ्या दिवशी दुखणं बरंच उतरलेलं असतं आणि घरी बसून अंग आंबलेलं असतं. मग गडी निघतो. संध्याकाळी अंडकोष सुजतो, काळानिळा पडतो, आणि आठवडाभरात मिटलं असतं ते महिनाभर लांबतं.

साताऱ्यात पळणाऱ्यांना तोटा नाही. पहाटे समर्थ मंदिराच्या पुढं यवतेश्वरच्या घाटाला लागणारे, अजिंक्यताऱ्याचा रस्ता धरणारे, चार भिंती स्मारकाला फेऱ्या मारणारे रोज दिसतात. २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, तसं कधी न पळलेली माणसंही २१ किलोमीटरची भाषा बोलू लागली. यातले कितीतरी जण पस्तिशी-चाळिशीतले, दोन मुलं पदरात असलेले. नसबंदीचा विचार करायचं वय हेच. पण ग्रुपवर गुडघ्याबद्दल रोज पंचवीस मेसेज पडतात आणि याबद्दल एकही नाही. विचारायचं असतं तो घाट उतरताना मुद्दाम मागं रेंगाळतो आणि बाकीचे पुढं गेले की हळूच विषय काढतो. मी स्वतः हे ऑपरेशन करून घेतलंय आणि त्यानंतर तोच घाट पळलोय, म्हणून हे प्रश्न माझ्याकडं येतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं.

नेमकं कापतात काय

वृषणांत दोन कामं चालतात, आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. एक, शुक्रजंतू तयार करणं. दुसरं, टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तयार करणं. शुक्रजंतू एका बारीक नळीतून वर जातात, तिला शुक्रवाहिनी म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक असते. अंडकोषाच्या वरच्या भागात कातडीतून चाचपलं तर ती भिजवून पिळलेल्या सुतळीसारखी हाताला लागते. टेस्टोस्टेरॉनचा या नळीशी काही संबंध नाही. ते थेट रक्तात मिसळतं आणि रक्तातूनच अंगभर पोचतं.

डॉक्टर ती नळी कातडीतूनच बोटांत धरतात, भुलेचं इंजेक्शन देतात आणि टोकदार चिमट्यानं कातडीला एक बारीक भोक पाडून ते हळूहळू रुंद करतात. ब्लेड लागत नाही. कातडी आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्या कापल्या जाण्याऐवजी बाजूला सरकतात, त्यामुळं रक्त कमी जातं. त्या भोकातून नळी बाहेर घेतात, छोटासा तुकडा काढतात, टोकं बांधतात किंवा जाळून बंद करतात आणि नळी पुन्हा आत सोडतात. दुसऱ्या बाजूचंही बहुतेक वेळा त्याच भोकातून होतं. टाका घालायची गरज पडत नाही. ही पद्धत चीनमध्ये डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली बसवली. आपल्याकडं ती १९९० च्या दशकात आली आणि आता सरकारी शिबिरांतही हीच वापरतात.

वीर्य येणं बंद होत नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के असतो. बाकीचा सगळा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो, आणि त्या कापलेल्या जागेच्या पुढं आहेत. डोळ्यांना काही फरक दिसत नाही. शुक्रजंतू तयार होत राहतात, पण वाट बंद असल्यामुळं शरीर ते शोषून घेतं. ते आत साठून राहतात, त्यांचं विष होतं, असलं काही नाही.

आता ताकदीचं. या जिल्ह्यात तालमीचा संस्कार खोलवर रुजलेला आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, आणि त्यांच्या आधीपासून इथल्या गावोगावच्या तालमींत पोरं घुमत आलीत. त्या संस्कारात वीर्य राखणं म्हणजे ताकद राखणं अशी समजूत आहे. तिचा मान ठेवूनही सांगतो, नसबंदीनं वीर्य खर्च होत नाही, अडत नाही, पातळही होत नाही. स्नायू बनवणारं हार्मोन आधी जेवढं होतं तेवढंच राहतं. जोर-बैठका तेवढ्याच निघतात, बारबेलवर तेवढंच वजन उचलतं, दहा किलोमीटरची वेळ तीच राहते. इच्छा आणि ताठरता यांवरही या ऑपरेशनचा परिणाम होत नाही. आठ-पंधरा दिवस व्यायाम थांबतो, त्यानं थोडा फरक पडतो. तो भरून कसा काढायचा हे पुढं येईलच.

भीतीला इतिहासही आहे, हे मान्य करायला हवं. भारतानं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला आणि पहिल्या काळात पुरुषांच्या नसबंद्या मोठ्या संख्येनं होत होत्या. मग १९७५ ते १९७७ ची आणीबाणी आली. माणसं धरून नेऊन, धमकावून ऑपरेशनं केली गेली. तो धसका एका पिढीनं दुसरीला दिला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली दिसते. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी फक्त ०.३ टक्के. स्त्रीचं ऑपरेशन पोटात शिरून करावं लागतं, त्याला जास्त भूल लागते आणि धोकाही जास्त. तरी घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "त्याला शेतात राबायचंय, त्याचं कशाला करता, हिचंच करून टाका." जणू ती शेतात जात नाही, डोक्यावरून वैरणीचा भारा आणत नाही, धार काढत नाही. दोन बाळंतपणं तिनं सोसली आहेत. त्यापुढं आठ दिवस सराव बुडणं फार मोठं नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्या जागेचा स्वभाव

पळायला लगेच का जायचं नाही, हे कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

हाताला खरचटलं की आपण दाबून धरतो, आजूबाजूचं मांसही दाब देतं, रक्त थांबतं. अंडकोषात तसा दाब द्यायला काही नाही. कातडी सैल, आत मोकळी जागा, आणि वृषणं शरीराबाहेर लोंबकळती. आतली एखादी बारीक नस बांधूनही झिरपत राहिली, किंवा धरलेली खपली सुटली, तर रक्त वाट मिळेल तिकडं पसरतं आणि साठतं. याला हिमॅटोमा म्हणतात, म्हणजे रक्ताची गाठ. १०० पैकी एखाद-दोघांना हा त्रास होतो. बहुतेक वेळा तो आपोआप जिरतो, पण जिरायला आठवडे लागतात. गाठ मोठी असेल तर कधी पुन्हा छोटं ऑपरेशन करून रक्त काढावं लागतं.

व्यायामानं तीन बाजूंनी ताण येतो. पळताना हृदय जोरात चालतं, रक्तदाब वाढतो आणि नुकती बंद झालेली नस उघडू शकते. प्रत्येक पावलाला ती जागा वर-खाली हिसकते, आणि आत नळीची दोन ताजी टोकं तशीच ओढली जातात. तिसरा ताण जिममध्ये असतो. वजन उचलताना आपण श्वास कोंडून पोट आवळतो. पोटातला दाब खाली उतरतो आणि वृषणांभोवती शिरांचं जे जाळं असतं त्यात रक्त तुंबतं. शौचाला जोर लावल्यावरही तेच होतं. म्हणून त्या आठवड्यात पोट साफ राहील असं खायचं, पाणी भरपूर प्यायचं. ही गोष्ट डॉक्टर बऱ्याचदा जाता जाता सांगतात आणि आपण ऐकून सोडून देतो, पण ती महत्त्वाची आहे.

आणखी एक बारकावा पळणाऱ्यांसाठी. वृषण वर ओढणारा एक छोटा स्नायू असतो. थंडीत किंवा दचकल्यावर तो आपोआप आवळतो. पहिले काही दिवस गार पाण्यानं अंघोळ केली की तिथं जी कळ येते ती बहुतेक यामुळं. घाबरायचं कारण नाही, कोमट पाणी घ्यावं.

पहिले दोन दिवस

घरी येतानापासून सुरुवात होते. स्वतः बाईक चालवत येऊ नका, मागं बसूनही नको. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक आणि खड्डे त्या दिवशी एकेक करून मोजता येतील. रिक्षा किंवा गाडी करा. तीही हळू चालवायला सांगा.

आधार हवाच. घट्ट चड्डी, सपोर्टर किंवा लंगोट, यांतलं जे तुम्हाला सवयीचं आहे ते. पैलवानांना लंगोट कसायचं शिकवावं लागत नाही, पण पहिल्या दिवसात तो कुस्तीला कसतात तसा करकचून आवळू नये. काम एवढंच की वजन कापडानं पेलावं, नळ्यांनी नव्हे. पहिले दोन दिवस झोपतानासुद्धा आधार ठेवावा, आणि पुढं निदान आठवडाभर दिवसा.

बर्फ नक्की लावा. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे भरायचे, पिशवी पंचात गुंडाळायची आणि चड्डीच्या वरून १५ ते २० मिनिटं ठेवायची. मग काढून ठेवायची आणि तासाभरानं पुन्हा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. भुलेचा अंमल असेपर्यंत काही कळत नाही आणि कातडी गारठून दुखावते. पहिल्या दिवशी हे जेवढं नेमानं कराल तेवढी सूज कमी.

दुखलं तर पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या रक्त पातळ करतात, त्या या काळात स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. हृदयविकारासाठी कुणाला रक्त पातळ करायची गोळी आधीपासून चालू असेल, तर ती आपल्या मनानं बंदही करायची नाही. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं. मॅरेथॉनच्या सरावात दुखऱ्या गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चघळणारे खूप आहेत. त्यांनी आपण काय काय घेतो ते सगळं डॉक्टरांपुढं ठेवावं, जिममधल्या पावडरी आणि कॅप्सुलांसकट.

अंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते, फक्त ती जागा कोरडी राहिली पाहिजे. पट्टी कधी काढायची ते डॉक्टर सांगतात, साधारण ४८ तासांनी. सरकारी सूचनांनुसार ४८ तासांनंतर रोजचं हलकं काम करता येतं. हलकं म्हणजे टेबलावरचं, दुकानात बसायचं, वर्गात शिकवायचं. उसाच्या मोळ्या, खताची पोती, दुधाचे कॅन यांना निदान आठवडाभर हात लावायचा नाही. शेतकरी असाल तर आठ दिवसांचा गडी आधीच सांगून ठेवा.

पुन्हा सुरुवात

दोन दिवसांनंतर चालायला हरकत नाही. सपाटीवर, घराच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटं. चालून आल्यावर तिथं जडपणा वाढला नाही तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. आठवड्याच्या शेवटी अर्ध्या-पाऊण तासाचं चालणं बहुतेकांना जमतं.

पळणं साधारण आठवडा ते दहा दिवसांनंतर, तेही जागेला हात लावून दुखत नसेल, सूज उतरली असेल आणि भोक भरलं असेल तरच. तारीख बघून निघायचं नाही. आपण आठवडे आणि किलोमीटर यांच्या आकड्यांवर चालणारी माणसं, त्यामुळं हे अवघड जातं. पण दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं तरी एक नवव्या दिवशी आरामात पळतो आणि दुसऱ्याला अठरावा उजाडतो. दोन्ही ठीकच आहे.

पहिल्यांदा पळताना अंगासरशी बसणारी चड्डी घाला, आणि हवं तर वरून आणखी एक. दोन मिनिटं संथ पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. मग घरी जा आणि संध्याकाळपर्यंत थांबून बघा. या दुखण्याची खोड अशी की पळताना काही वाटत नाही, चार-सहा तासांनी जडपणा येतो. संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी काही नसेल तर एक दिवस सोडून पुन्हा. दुखलं तर दोन-तीन दिवस मागं या, पुन्हा चालण्यापासून धरा.

साताऱ्यात राहणाऱ्यांना यात एक फायदा आहे आणि एक धोका. चढाला पाऊल छोटं पडतं, जमिनीवर आपटणं कमी होतं, हिसके कमी बसतात. त्यामुळं दुसऱ्या आठवड्यात यवतेश्वरचा घाट चालत चढणं हा दम टिकवायला उत्तम व्यायाम आहे. वेगानं चढलं तर धाप लागते, आणि जागेला विशेष त्रास होत नाही. धोका उतरताना. उताराला पाऊल लांब पडतं, टाच आपटते, पूर्ण अंगाचा भार झटक्यात खाली येतो. हौशी पळणारे उतारावरच वेळ वसूल करतात, हे मला माहीत आहे. पण तीन-चार आठवडे होईपर्यंत उतार चालतच उतरा. खाली यायला वेळ नसेल तर वरून कुणाच्या तरी गाडीत बसून या. उतारावरचं जोरात पळणं सगळ्यात शेवटी सुरू करायची गोष्ट आहे, लाँग रनच्याही नंतर.

जिमचं वेगळं. खांदे, दंड, पाठ यांचे हलके व्यायाम बसून किंवा आडवं पडून आठवड्यानंतर करता येतात, श्वास न कोंडता. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मात्र दोन आठवड्यांनंतरच धरा. नेहमीच्या वजनाच्या निम्म्यानं सुरुवात करा आणि उचलताना श्वास सोडा. तोंड लाल होईपर्यंत जोर लावायचे दिवस चौथ्या आठवड्यानंतरचे. पोटाचे व्यायामही त्याच हिशेबात धरा. सिट-अप्स मारताना पोटातला दाब किती वाढतो याचा अंदाज आपल्याला नसतो.

तालमीत जाणाऱ्यांनी जोर-बैठका दुसऱ्या आठवड्यानंतर हळूहळू सुरू कराव्यात, पण लढतीला घाई नको. पकडीत गुडघा, मांडी, हात कुठंही बसतो, आणि जोडीदार तुमच्या जखमेचा विचार करत नाही. चार आठवडे पूर्ण होऊ द्यात. वस्तादांना खरं कारण सांगायला लाज वाटत असेल तर "डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय" एवढं पुरतं. माझं मत विचाराल तर खरं सांगावं. एका पैलवानानं मोकळेपणानं सांगितलं, तर तालमीतल्या बाकीच्यांची भीती निम्मी होते. कबड्डी आणि फुटबॉललाही हेच लागू.

सायकलबद्दल सरकारी सूचना आठवड्यानंतर चालवायला परवानगी देतात. ती गल्लीतून दुकानापर्यंतच्या सायकलची गोष्ट. ताशी तीसच्या वेगानं पन्नास-साठ किलोमीटर मारणाऱ्यांनी दोन ते तीन आठवडे थांबलेलं बरं, कारण टणक सीटचा दाब नेमका त्याच भागाच्या मागं येतो. पोहायला जखम पूर्ण भरेपर्यंत जाऊ नका, साधारण दोन आठवडे. विहिरीत, कॅनॉलमध्ये किंवा नदीत तर त्याआधी मुळीच नको, तिथल्या पाण्याचा भरवसा नसतो.

सराव बुडाल्याची काळजी करणाऱ्यांसाठी: पहिल्या दहा-बारा दिवसांत दम फारसा कमी होत नाही. जे थोडं कमी होतं त्यात रक्तातलं पाण्याचं प्रमाण घटणं हा मोठा भाग असतो, आणि ते परतल्यावर आठवड्याभरात पूर्ववत होतं. स्नायूंची ताकद तर दोन-तीन आठवडे जवळपास तशीच टिकते. त्यामुळं सुट्टीचं नुकसान भरून काढायला म्हणून परतल्या आठवड्यात दुप्पट पळायची काही गरज नाही.

वेळ निवडता आली तर उत्तमच. सातारची स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटी येते. ती झाली की तसाही पायांना आराम द्यायचा असतो, त्या वेळात ऑपरेशन बसवा. भर पावसाळ्यात मी टाळायला सांगेन. ओले कपडे घासतात, जांघेत नायटा होतो, आणि तिथं कातडीचा संसर्ग असेल तर डॉक्टर ऑपरेशन पुढं ढकलतातच. सरकारचा पुरुष नसबंदी पंधरवडा दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असतो. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं, वर थोडी रक्कमही मिळते. पण आपल्याकडं तेव्हाच ऊसतोड सुरू झालेली असते. ज्यांचा ऊस आहे त्यांनी पंधरवड्याची वाट न बघता जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी जाऊन विचारावं.

कोणतं दुखणं साधं, कोणतं नाही

थोडी सूज, कातडीवर निळसर डाग, आठवडाभर ओढ लागल्यासारखं वाटणं, पहिल्या काही वेळा वीर्यात किंचित रक्त, हे सगळं चालतं. कापलेल्या जागी छोटी कडक गाठ हाताला लागू शकते. शुक्रजंतू थोडे बाहेर झिरपले की शरीर त्यांच्याभोवती ती तयार करतं. बहुतेक वेळा ती त्रास देत नाही.

सूज तासातासानं वाढत असेल, एक बाजू टणक होऊन ताणली गेली असेल, ताप आला असेल, भोकातून पू किंवा थांबत नाही असं रक्त येत असेल, किंवा दोन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं. रात्र काढायची नाही. लाजेपायी "उद्या बघू" म्हणणं इथं महागात पडतं.

एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच कळायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. १०० पैकी एक-दोन पुरुषांना तीन महिन्यांहून जास्त काळ चालणारं, रोजच्या आयुष्यात आड येणारं दुखणं राहतं. ते मनाचं नसतं, त्यावर उपचार आहेत. लांब पळल्यावर दरवेळी तिथं ठणकत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा, सहन करत बसू नका. आधीपासून हर्निया, अंडवृद्धी (अंडकोषात पाणी साठणं) किंवा तिथल्या शिरांची गुंतागुंत असेल तर तीही आधी तपासून घ्या. वजन उचलणाऱ्यांत हर्निया निघणं नवीन नाही.

संबंध साधारण आठवड्यानंतर, दुखत नसेल तेव्हा. आणि इथं सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट येते.

तीन महिने आणि एक रिपोर्ट

ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून मूल राहणार नाही, असं नाही. कापलेल्या जागेच्या पुढं, वरच्या नळीत आणि शुक्राशयांच्या आसपास, आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. ते बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. तोपर्यंत निरोध किंवा बायकोचं आधीचं साधन चालूच ठेवायचं. व्यायामानं हे लवकर होत नाही, घाम गाळल्यानं तर मुळीच नाही.

तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करायची. पळणारे लोक तिथवर मस्त फॉर्मात आलेले असतात, ऑपरेशन विसरून गेलेले असतात, आणि तपासणी राहून जाते. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच मोबाईलमध्ये तीन महिन्यांनंतरची तारीख टाका, स्पर्धेची टाकता तशीच. नमुना लॅबमध्येच देता आला तर सोपं. घरून न्यायचा असेल तर लॅबनं दिलेल्या डबीतच घ्या, डबी खिशात अंगाजवळ ठेवा आणि तासाभराच्या आत पोचवा. आधी किती दिवस संबंध टाळायचा ते लॅबला फोन करून विचारा.

रिपोर्टमध्ये शुक्रजंतू दिसले नाहीत तर ऑपरेशन यशस्वी. सरकारी दवाखान्यात त्यानंतरच नसबंदीचं प्रमाणपत्र मिळतं. ते घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, कारण पुढं कधी ऑपरेशन फसलं असं निघालं तर नुकसानभरपाईच्या दाव्याला तोच कागद लागतो. रिपोर्ट स्वच्छ आल्यानंतरही फार क्वचित नळी स्वतःहून पुन्हा जोडली जाते, साधारण २००० पैकी एका पुरुषात. बायकोची पाळी चुकली तर तिच्यावर संशय घेण्याआधी स्वतःची तपासणी पुन्हा करा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण यावरून घरं मोडू शकतात.

शुक्रजंतू दिसले तरी लगेच घाबरायचं नाही. महिन्यानं पुन्हा तपासायचं, निरोध चालू ठेवायचा. सहा महिन्यांनंतरही हालचाल करणारे शुक्रजंतू असतील तर ऑपरेशन पुन्हा करावं लागतं, आणि मग घाट, जिम आणि सायकल यांचं हेच वेळापत्रक पुन्हा पहिल्या दिवसापासून.